अळणी भाताचे गोळे

सणसरला माळवं पिकवणाऱ्या एका घरी मी राहत होतो. त्या घरच्या काकींनी एका कुत्र्यासाठी अख्खी आळी वळवली. मी तेव्हा पत्रकं लिहून गावोगाव वाटायचो. पहिली निवडणूक नुकतीच झाली होती आणि लोकांना शहाणं करायचं काम माझंच, असा माझा समज होता.

कुत्रं तांबडं, म्हातारं, मळ्याच्या राखणीचं. त्या पावसाळ्यानंतर ते कालव्याच्या चारीतल्या पाण्याला तोंड लावायचं ते उचलायचंच नाही. खाल्लेलं ओकायचं. तोंडाला घाण वास यायचा. काकींनी त्याला वांग्यांच्या पाट्यांबरोबर बैलगाडीत घातलं आणि बारामतीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. बाजाराला आलेले लोक हसले. बैल नेला असता तर कुणी हसलं नसतं. जन्मभर राखण करणारा जीव आजारी पडला की त्याची चेष्टा होते, याची चीड मला आजही येते.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, ती काही परत सुधारायची नाहीत. मटण, हाडं, मीठ बंद. मऊ भात, दुधी भोपळा, वर जरा लोणी, आणि पाणी मागेल तेवढं. "सांभाळलंत तर दिवाळी बघेल."

काकी रोज अळणी भात शिजवू लागल्या. कुत्रं तो हुंगायचं आणि सरळ आळीत निघून जायचं. तिथं दारोदार काही ना काही पडायचंच. कालवणात भिजलेली भाकरी, सुकटीचा चुरा, एखादं हाडूक. ते खाऊन यायचं आणि अंगणात ओकायचं. दिवसागणिक बरगड्या वर येत होत्या.

मी पत्रक काढलं. 'मुक्या जीवाला मीठ म्हणजे विष!' खाली चार खडे सवाल. घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातले आबा त्यातच तंबाखू बांधून बसले होते.

"कागद चांगला हाय, पुढारी."

मी त्यांना तोंडावर निर्दय म्हणालो. आबा शांतपणे म्हणाले, "दारात आलेलं कुत्रं रिकामं लावू व्हय? माझ्या बापानं कधी लावलं न्हाय."

मी तणतणत घरी येऊन हे सांगितलं. काकी भोपळा चिरत होत्या. "मग बरोबरच हाय की त्यांचं," एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्यांनी भात-भोपळ्याचे लिंबाएवढे गोळे वळले, पानांवर ठेवले आणि घरटी एक देत निघाल्या. खायला घालू नका, असं कुणालाच म्हणाल्या नाहीत. "आलं की तुमच्या हातानं हे टाका," म्हणाल्या.

आबांनी गोळा निरखला. "भात? आमच्या नातवाला सणाला भात, आन् कुत्र्याला रोज?"

"नातवालाबी आणते, आबा. अळणी खातोय का तेवढं इचारा."

आबांनी गोळा ठेवून घेतला.

त्या रविवारी आबांकडं मटण होतं. वासानं कुत्रं त्यांच्या उंबऱ्याशी येऊन बसलं. आता हाडूक पडणार अशी माझी खात्री होती. पुढच्या पत्रकाचा मजकूरही मनात तयार होता. आबांनी ताट पाठीमागं सरकवलं, गोळा तळहातावर घेतला आणि वाकले. कुत्र्यानं तोंड फिरवलं. आबांनी आत जाऊन बोटभर लोणी आणलं, गोळ्याला चोपडलं.

"खा की बाबा. तुझ्या मालकिणीला काय सांगू मी?"

कुत्र्यानं खाल्लं.

घरी एका घासाला न शिवणारं ते कुत्रं दहा दारांत दहा गोळे खाऊ लागलं. ओकणं थांबलं नाही, पण कमी झालं. दर बाजाराला काकी तांदळाची कणी आणायच्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, हुरडाही झाला. असला प्रचार मी तरी कधी पाहिला नव्हता आणि मला तो जमलाही नसता.

चैत्रात एका सकाळी गोळे वाटायला काकी निघाल्या नाहीत. उन्हं वर आल्यावर आबा दारात आले.

"आज गोळा आला न्हाय."

काकींनी मातीनं भरलेला हात मळ्याकडं केला. आबा पायताण न घालताच तिकडं चालू लागले.