अर्डिसची बैठक

बेकर्स फोर्डमध्ये कुणालाही विचारा, खोगीर घ्यावं तर कुणाचं? लायल हॉवलँडचं! मेला तरी त्याचंच. वायोमिंगच्या या कोपऱ्यात घोडा मालकाचा, पण खोगीर गुराख्याचं स्वतःचं. आणि ते लायलचं असलं की गडी छाती काढून चालतो. आता खरं सांगू? लायलला खोगिराची बैठक कधी जमलीच नाही. लग्नाआधी दोन-चार केल्या होत्या, त्यांवर बसलेले अजून शिव्या घालतात.

खोगिरात सगळी करामत बैठकीची. कच्च्या चामड्यानं मढवलेल्या लाकडी सांगाड्यावर चामड्याचे थर चिकटवायचे, रापीनं तासायचे, हात फिरवून बघायचं, परत तासायचे. वरचं चामडं चढलं की सगळं झाकून जातं. खोगीरभरती म्हणून नाक मुरडायला काय जातंय लोकांचं, त्या भरतीवरच माणूस अख्खा दिवस काढतो! हे काम मागच्या खोलीत लायलची बायको करायची, अर्डिस. लायल पुढच्या खोलीत रानगुलाब कोरायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचा. शेवटी खोगिराच्या पुढच्या मुठीजवळ, एका स्क्रूवर बसणारा चामड्याचा तळहाताएवढा तुकडा असतो, त्यावर आपल्या नावाचा शिक्का ठोकायचा.

एकदा तिनं विचारलं होतं, "माझंही नाव टाक ना बाजूला."

"बाईच्या हातच्या खोगिरावर कोण बसेल?" लायल म्हणाला. "पोट भरायचंय की नाव मिरवायचंय?"

ती मागच्या खोलीत कामाला परतली. पण ते तिच्या मनातून गेलं नाही. का जावं?

लायल हिवाळ्यात गेला. वसंतात अर्डिसनं स्वतःच्या नावाचा शिक्का करून घेतला. पहिलं खोगीर मर्ल स्ट्राउडचं. मोठा रँचवाला, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मर्लनं मान डोलावली की सगळे रँचवाले डोलावणार. "लायलची आठवण म्हणून सांगतोय हो," असं म्हणून त्यानं काम दिलं. अर्डिसनं जीव ओतला. मर्लच्या डाव्या कमरेची खोड तिला पाठ होती, त्या बाजूला ती नेहमी एक थर जास्त द्यायची. या वेळीही दिला.

गुरं डोंगरावर चढवून आठवड्यानं मर्ल परत आला, खोगीर खांद्यावर घेऊन.

"वाईट वाटून घेऊ नकोस अर्डिस. चामडं फर्स्ट क्लास. पण बैठक लागते गं. लायलच्या बैठकीवर दिवसभर बसलो तरी कळायचं नाही."

"मर्ल, त्या बैठका मीच करत होते. सगळ्या. तुमच्या डाव्या कमरेला थर कोण देत होतं?"

मर्लनं हॅट काढली. तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखात माणूस काहीही बोलतं, पोरी. मी कुणाला सांगणार नाही."

पोरी! साठीची बाई ती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडून फायदा काय, हे गाव कुणाचं ऐकतं ते तिला ठाऊक होतं. "ठेवून जा, आठवड्यानं या," एवढंच म्हणाली.

खोगीर आठवडाभर लाकडी घोडीवर पडून होतं. ती त्याला रापी लावेना. शेवटच्या सकाळी तिनं एक स्क्रू काढला, आपल्या नावाचा तुकडा उतरवला आणि लायलच्या शिक्क्याचा बसवला. बस्स, एवढंच.

मर्ल आला तेव्हा ती म्हणाली, "लायलनं भरून ठेवलेला एक सांगाडा सापडला. तुमचं चामडं त्यावर चढवलंय. बसून बघा."

मर्लनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. लाकडी घोडीवरच टांग टाकली, मागेपुढे सरकला. अर्डिस बघत उभी होती. अजून लागतं म्हण बाबा, ती मनात म्हणत होती. लागतं म्हण! म्हणजे माझाच हात चुकला असं तरी होईल, रात्रंदिवस बसून तो सुधारता येईल.

मर्लनं डोळे मिटले. "आहाहा! आता कसं!"

अर्डिसनं टेबलाची कड घट्ट धरली.

"बघ, मेला तरी बसवतोय मला नीट," मर्ल म्हणाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. खोटं नव्हतं ते, तेच तर वाईट. "असे आणखी किती सांगाडे आहेत गं त्याचे?"

"आहेत," अर्डिस म्हणाली. "माझे हात चालतायत तोवर पुरतील."

मर्ल खूश झाला. जावयासाठी एक आत्ताच बाजूला काढून ठेव म्हणाला.