कार्ड त्याचं खातं

कॉलेजपासून आमचा एक नियम होता. एकाच्या कामात दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही. सर्किट, तारा, सोल्डरिंग माझं. सिमकार्ड, मेसेज आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं मित्राचं. या नियमाचा मला फार अभिमान होता. मूर्खाला अभिमानासाठी काहीही पुरतं.

दोघंही आयटीत, दोघंही नोकरीला विटलेले. सोसायटीच्या टाकीतलं पाणी संपत आलं की सेक्रेटरीच्या मोबाइलवर मेसेज पाठवणारा एक डबा आम्ही बनवला होता. कोथरूडमध्ये पत्रकं वाटली, त्यांवर डब्यातल्या कार्डाचाच नंबर छापला. ज्यांना डबा हवा त्यांनी तिथेच मिस्ड कॉल द्यायचा. रविवारी पहिल्या कमिटीला डबा दाखवायचा होता. तो पसंत पडला की मी राजीनामा देणार होतो. पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं.

सोमवारी स्क्रीनवर उमटलं, कार्ड घातलेलं नाही.

"पॉवर सप्लाय बघ," मित्र म्हणाला. मी अडॅप्टर बदलला. कार्डाचा होल्डर काढून नवा बसवला. मित्र रोज संध्याकाळी यायचा, शेजारी बसून मल्टिमीटरची तार धरायचा. कार्ड स्वतः काढायचा, खोडरबरानं घासायचा, परत बसवायचा आणि म्हणायचा, सप्लायच असणार. मी कार्डाला हात लावला नाही. शुक्रवारी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. रविवार रद्द करू, कमिटीला मी कळवतो, म्हणाला. मला उलट त्याचीच दया आली.

तरी राहवेना. शनिवारी त्याला न सांगता डबा घेऊन बुधवार पेठेत गेलो. डब्यातलं मेसेज पाठवणारं मॉड्यूल ज्याच्याकडून घेतलं होतं त्या दुकानदारानं विचारलं, दुसरं कार्ड घालून पाहिलंत का? म्हटलं नाही, ते माझं खातं नाही.

"मग आपलं खातं कुठलं? हेलपाटे घालायचं?"

त्यानं स्वतःच्या मोबाइलमधलं कार्ड काढून डब्यात घातलं. मॉड्यूलनं ते लगेच ओळखलं. आमचं कार्ड मोबाइलमध्ये घातलं, तर मोबाइल कार्ड मागत बसला. कार्ड मेलंय, त्यानं निकाल दिला. नंबर लावून बघा, बंद लागेल. मी दुकानातल्या फोनवरून पत्रकावरचा नंबर फिरवला.

रिंग वाजली. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. आवाज मित्राचा होता.

"नमस्कार, टाकीच्या डब्यासाठी ना? कुठली सोसायटी? उद्या एका कमिटीला दाखवतोय, ते झालं की तुमच्याकडे येतो. मी एकटाच बघतो सगळं."

डब्यात मेलेलं कार्ड ठेवून आमच्या नंबरचं खरं कार्ड त्यानं स्वतःकडे नेलं होतं. सर्किटचा कागद तर मीच त्याला हौसेनं काढून दिला होता. राग नंतर आला. आधी शरम वाटली, आठवडाभर त्याला स्वतःच्या हातानं चहा करून पाजल्याची.

"पॉवर सप्लाय बघितलास का?" मी विचारलं.

पलीकडे फोन ठेवला गेला. दुकानदारानं आपलं कार्ड डब्यातून काढून घेतलं, आणि स्क्रीनवर पुन्हा तेच उमटलं.