लोण्याचा वास मला आला नव्हता

गेल्या महिन्यात आमच्या बिअर कारखान्याच्या नव्या प्रमुख बाईंचा फोन आला. कंपनी परदेशी, अनेक देशांत पसरलेली. नागपूरच्या कारखान्यात एका भिंतीवर जुन्या माणसांच्या गोष्टी लावायच्या ठरल्या होत्या, आणि पहिली गोष्ट माझी होती.

"सर, अध्यक्षांच्या हातातला ग्लास तुम्ही थांबवला होता, ती."

मी बरं म्हणालो आणि फोटो पाठवून दिला. ती गोष्ट पूर्ण खरी नाही, हे सांगायला तेव्हाही जीभ वळली नाही.

त्या वेळी मी बिअर तयार करणाऱ्या विभागात कनिष्ठ अधिकारी होतो. बाजारातून परत आलेल्या रिकाम्या बाटल्यांच्या शेडमध्ये नागपूरजवळच्या कुहीकडचा एक कामगार होता. लोक त्या बाटल्यांत रॉकेल भरत, आणि तो वास धुऊनही जात नाही. म्हणून तो दिवसभर एकेक बाटली नाकाशी धरायचा आणि वास येणारी बाजूला काढायचा. स्वतः मात्र थेंबही पीत नसे.

कंपनीचे अध्यक्ष परदेशातून येणार होते त्या सकाळी तो काही निरोप घेऊन टाक्यांपाशी आला. माझ्या हातात नमुन्याचा ग्लास होता.

"साहेब, याले लोण्याचा वास येऊन राहिला."

"तू तर पीत नाही ना गा? मग तुले काय समजते?" टाकीवरच्या एका कामगारानं विचारलं.

"पिऊन काहून पाहाचं? वास तर इथंवर येते."

सगळे हसले. मीही हसलो. सकाळपासून चाखून माझं नाक बधिर झालं होतं. पण बिअर टाकीत पुरती मुरली नाही तर तिला लोण्यासारखा वास येतो, हे मी शिकलो होतो. बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ उभा राहिलो आणि परत येऊन हुंगलं. तो बरोबर होता.

वरिष्ठांना सांगण्याचं धाडस होईना. शेवटी अध्यक्षांनी ग्लास उचलला तेव्हा तोंडातून निघून गेलं, "ही अजून तयार नाही." त्यांनी हुंगून मान डोलावली आणि विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं?

शेड हाकेच्या अंतरावर होती. मी म्हणालो, "माझ्या."

अध्यक्ष जातील तिथे ही गोष्ट सांगत. मी चढत गेलो आणि कारखान्याचा प्रमुख होऊन निवृत्त झालो. तो बाटल्यांपाशीच राहिला.

बाईंच्या फोननंतर मी कुहीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा दिला. त्यानं कप नाकाशी नेला.

"दूध कालचं आहे वं."

"पाहा साहेब, जन्मभर असंच," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली, "प्या नं गुपचूप!"

मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं चहा संपवून कप खाली ठेवला.

"मले तवाच समजलं होतं. आधी तुम्ही रोज शेडमध्ये येत होते. त्या दिवसापासून पाय नाही ठेवला." मग म्हणाला, "मले काहून सांगता? मले तर माहीत आहे. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा. नाव नका टाकू. बाटल्या हुंगणाऱ्यानं सांगितलं, एवढं लिवा. शेडमधले सारे ओळखतीन."

बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या,

"सर, फलक तयार झालाय. अध्यक्षही आता हयात नाहीत. इतक्या वर्षांनी कोण विचारणार?"

त्या फलकाच्या जागी लावण्यासाठी मी हे पान लिहिलं आहे. ते नको असेल तर जागा रिकामी ठेवा. माझा फोटो मी काल कारखान्यात जाऊन परत घेऊन आलो.