आवाज न करणारा कॅमेरा

नारायण पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात एक वयस्कर बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. नारळ वाजवून पाहावा तसा प्रत्येक कॅमेरा कानाशी नेऊन त्या बटण दाबत. माझा जुना, खट् वाजणारा डीएसएलआर कॅमेरा ठेवावा की नवा मिररलेस घ्यावा, या घोळात मी तासभर उभा होतो.

"अहो, अडलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"वडील आजारी आहेत. कॅमेरा खट् वाजला की तोंड फिरवतात. मिररलेसचा आवाज बंद करता येतो."

"म्हणजे त्यांना फोटो नकोय. आवाज नसला तर चालेल का त्यांना?"

आणि त्यांनी पुढचा कॅमेरा उचलला.

मला चोरून फोटो काढायचे होते, हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. काहीच न घेता घरी आलो. वडिलांना पहिल्यांदाच विचारलं, "फोटो काढू?"

"आधी दाढी करून दे," ते म्हणाले.