हिलालभाऊंचा धुळ्याचा फोन

हिलालभाऊ माझे थोरले दीर. जळगावला एका पाइपच्या कारखान्यात मशिनवर होते. धिप्पाड गडी, बोलणं कमी. लग्नकार्यात भट्टीवरचं भरलं पातेलं एकट्यानं उतरवणार. अशा माणसाला भीती वाटते हे कुणाला सांगून पटलं नसतं, आणि नेमकं तेच त्यांचं दुखणं होतं.

एक्क्याण्णव साली त्यांच्या शेजारच्या मशिनवरचा पितांबर काम करता करता छातीला हात लावून खाली बसला आणि गेला. दोघं एकाच वयाचे. पुढे काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत भाऊंनाही तसंच झालं. छाती धडधडली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास घशाखाली उतरेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम चांगला निघाला. पुन्हा झालं, पुन्हा नेलं, पुन्हा चांगलाच. शेवटी डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, तुम्ही मानसोपचारवाल्या डॉक्टरला दाखवा. भाऊ घरी आले ते तोंड काळं ठिक्कर करून. हृदय बिघडलं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

त्यांची मुलगी वैजू लग्नाची होती. आमच्यात मुलीच्या बापाला साधा दमा असला तरी पाहुण्यांसमोर खोकला दाबून धरतात, इथं तर डोक्याचा डॉक्टर! सोयरीक करणारे आधी ‘घराण्यात काही आहे का’ हेच विचारतात. हे फक्त मला आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना, बेबाबाईंना ठाऊक होतं. जळगावात कुणीही पाहिलं असतं, म्हणून भाऊ धुळ्याला गेले. तिथं डॉक्टर शहनाज म्हणून एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, दर आठवड्याला या. पण एसटीत बसलं की पारोळा यायच्या आतच भाऊंचा जीव घाबरा व्हायचा. तेव्हा बाईच म्हणाल्या, येणं जमेपर्यंत फोन करा. कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते ना, मग गुरुवारी दुपारी करा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अय्युबचा एसटीडी बूथ होता. काचेची केबिन, आत उभं राहिलं की खांदे दोन्हीकडे टेकायचे. भाऊंना तर तिथंच धडकी भरायची. आणि बाई त्यांना नेमकं तेच करायला लावायच्या. पळू नका म्हणायच्या. भीती चढते आहे ना, चढू द्या, किती चढली ते मला सांगत राहा, उतरायला लागली की तेही सांगा. भाऊ घामानं निथळत आत उभे, आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं काचेतून बघताहेत. मी एकदा भाजी घेऊन येताना पाहिलं आणि मलाच रडू आलं. पण हळूहळू फरक पडत होता. भाऊ पुन्हा पोटभर जेवू लागले, कामावरची पाळी चुकवेनासे झाले.

मग अय्युबनं सहज विचारलं, की हिलालभाऊ, दर गुरुवारी धुळ्याला कोणाला फोन?

भाऊंना सुचलं ते बोलून गेले. “पोरनी सोयरीक चालू शे तठे.”

झालं! आता मुलीच्या बापाला लपवायला दुसरं काही सुचलं नाही का? पण आमच्याकडे मुलीचा बाप घामाघूम होऊन फोनवर बोलतो म्हटल्यावर दुसरं काय असणार, हे अय्युबलाही लगेच पटलं.

पुढच्या हिवाळ्यात वैजूला खरंच स्थळ आलं. अमळनेरचे शालिग्राम पाटील, मुलगा जिल्हा परिषदेत ओव्हरसियर. पत्रिका जुळली, मुलाला मुलगी आवडली, वैजूही मनातून खूश होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. तेवढ्यात शालिग्रामांनी रीतीप्रमाणे गल्लीत चौकशी केली. अय्युबला वाटलं, आपल्या गल्लीतल्या माणसाचा भाव वाढवावा. म्हणाला, मोठं खानदान आहे साहेब, धुळ्याचं स्थळ वर्षभर मागे लागलंय त्यांच्या.

शालिग्राम तडक आमच्या घरी आले. बैठकीत बसलेसुद्धा नाहीत. मी आणि बेबाबाई आतल्या दाराशी, वैजू आमच्या मागे.

“हिलालभाऊ, एक पोर अन् दोन ठिकाने बोली? आमले काय समजी राहिनात तुम्ही?”

मला भाऊंचा हात दिसत होता, धोतराचं टोक मुठीत आवळलेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, बूथवाल्याची चूक झाली म्हणा. काहीही सांगा, पण बोला. ते गप्प राहिले तसे शालिग्राम आणखी तापले. “चला, त्याच नंबरले फोन लावा मन्हा समोर.”

आम्ही सगळे मागोमाग निघालो. घरच्या बायका अशा रस्त्यावर आलेल्या पाहून गल्लीतली दारं उघडली. अय्युबचा चेहरा उतरला होता, आपण काय करून बसलो हे त्याला आता कळत होतं. नंबर त्याला पाठच होता. फोन लागला तसा शालिग्रामांनी रिसीव्हर स्वतःच धरला आणि केबिनचं दार उघडं ठेवून विचारलं, की जळगावचे हिलाल पाटील तुम्हाला फोन कशासाठी करतात?

पलीकडचं आम्हाला ऐकू येईना. शालिग्राम ऐकत राहिले, मग भाऊंकडे वळून कडू हसले. “बाई म्हनस, माले कोन फोन करस ते मी कोनलेच सांगत नही. बघा! इतकी लपवाछपवी!”

पेशंटचं गुपित राखायचा डॉक्टरचा धर्म बाईंनी पाळला होता आणि त्यानंच भाऊ खोटे ठरत होते. अजूनही सुटायला जागा होती. धुळ्याचं स्थळ होतं, आम्ही नाही म्हटलं, एवढं बोलले असते तरी शालिग्राम चार शब्द सुनावून गप्प बसले असते, सुपारी फुटली असती. बेबाबाई पदरात तोंड घालून पुटपुटत होत्या, तसंच म्हना, तसंच म्हना. भाऊंची छाती भात्यासारखी हलायला लागली होती. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हे पितांबरसारखे खाली बसतात.

ते खाली बसले नाहीत. केबिनच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “ती डाक्टर शे. मन्हा मनना डाक्टर. मन्हा जीव घाबरा व्हस म्हनीसन मी फोन करस. आते बी व्हई राहिना, देखा मन्हा हात. सोयरीकनं खोटं मीच सांगं व्हतं.”

“येडासना डाक्टर?” शालिग्राम हळूच म्हणाले.

“लोक तसंच म्हनतस.”

शालिग्रामांनी रिसीव्हर अय्युबच्या हातात दिला, टोपी सारखी केली, “कळवतो” म्हणाले आणि रिक्षात बसले. भाऊ तसेच उभे होते. गल्ली बघत होती, कुणी जवळ गेलं नाही, त्यांनीही कुणाला बोलावलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास खाली आला, मग ते स्वतःच्या पायांनी घरी आले.

निरोप आठवड्याच्या आत आला. मुलाचे ग्रह जुळत नाहीत म्हणे! जुळलेली पत्रिका कशी काय फिरली हे शालिग्रामांनाच ठाऊक. मला त्या माणसाचा राग तेव्हाही आला आणि आजही येतो.

बेबाबाईंनी भाऊंच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आदळलं. “पोरनं वाटोळं करं तुम्ही! एक खोटं बोलता नही उनं?”

वैजू स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र घट्ट.

“आई, गप बस. आबा तव्हय खोटं बोलले असते, तं माले त्या घरमा जलमभर तेच खोटं सांभाळनं पडतं. एक दिन मन्हीच छाती धडधडती, अन् मी कोनले सांगती?”

भाऊ आमच्या सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोड्या वेळानं बेबाबाई सांडलेला भात गोळा करायचा सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.