चाइल्ड लॉक काढून टाका हो!

अलिबागेत वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे आम्ही चौघं. सकाळी टपरीवर चहाला जमलो की कालचा किस्सा संपायच्या आत आजचा फोन येतो. "मशीन परवडलं, माणसं नकोत," असं आमचा प्रमोद म्हणतो. खोटं नाही!

*

काशीदचा बंगला. केअरटेकर म्हणाला, "मशीन मेलं." बघतो तर चाइल्ड लॉक! "मीच लावलं. पाव्हणे वाळूचे कपडे टाकतात ना!" मग काढ की. "कसं काढायचं तेच आठवत न्हाय!" धन्य!

*

तळा गावच्या एक काकू. पाणी तुंबतंय म्हणून बोलावलं. झाकण उघडलं तरी ड्रम फिरतोच. सेफ्टी स्विचमध्ये आइस्क्रीमची काडी खुपसलेली! "भिजवलेले वाल छान सोलून निघतात हो. फुटतायत का, ते बघायला नको?" शेजारी नातू स्टुलावर चढून हात घालायच्या बेतात. मी काडी उपटली. काकू भडकल्या, "मग बिरडं तुम्ही करणार का?"

*

एक दुकानदार तर गिऱ्हाइकाला सांगत होता, "तुम्हाला कशाला चाइल्ड लॉक? घरात मूल कुठाय?" समोर बाई सातव्या महिन्याची! याचे डोळे की शर्टाची बटणं?

*

आणि हा परवाचा. शहरातलाच फ्लॅट. तक्रार काय, तर मशीनचं पुढचं दार लागत नाही, आणि त्याशिवाय मशीन चालत नाही.

साहेब मोबाइल नाचवत म्हणाले, "लवकर करा. पोरीला आत बसवून दार लावलं की काचेतून अंतराळवीर वाटते. मागच्या रीलला काय लाइक्स आले!"

पोर तीन वर्षांची! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, दार लागलं की तिला आतून उघडता येणार नाही. गुदमरेल ती!"

"अहो, मी बाहेर उभा असतो ना!" असं म्हणून ते हॉलमध्ये गेले.

मी वाकून पाहिलं. दाराचा हुकच गायब. तुटलेला नव्हता, स्क्रू फिरवून कुणीतरी नीट काढला होता.

मागे साहेबांची आई उभी. पुढ्यात बादलीभर कपडे, हात साबणाने सुरकुतलेले. त्यांनी कमरेचा पदर सोडला, त्यात बांधलेला हुक दाखवला आणि पुन्हा गाठ मारली.

"मीच काढलाय. कपडे धुईन मी हातानं. त्याला सांगू नको हां, बाबा."

हॉलमधून हाक आली, "झालं का?"

"साहेब," मी ओरडलो, "हा पार्ट कंपनीने बंद केलाय!"