मागचा डावा दिवा

झाशीला येऊन आम्हाला पाच वर्षं झाली होती. नवरा इथल्या सरकारी कंपनीत इंजिनियर. तो सकाळी कामावर गेला की संध्याकाळपर्यंत मराठीचा एक शब्द कानावर पडत नसे. भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांशी हिंदी. पुढे पुढे मी मनातही हिंदीत बोलू लागले. ते लक्षात आलं की साताऱ्याची फार आठवण येई.

एकदा छावणीच्या रस्त्याने कार चालवत येताना एका स्कूटरवाल्याने सांगितलं, गाडीचा मागचा डावा दिवा लागत नाही. जुन्या शहराच्या तोंडाशी गाड्यांच्या वायरिंगचं एक छोटं दुकान होतं, तिथे गेले. साठीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी बल्ब बदलून पाहिला, तरी दिवा लागेना. मग मल्टीमीटर काढला आणि एकेका फ्यूजवर पिना टेकवत स्वतःशीच मोजू लागले, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा..."

मी विचारलं, "काका, तुम्ही मराठी?"

त्यांचा हात थांबला. शब्द शोधत असल्यासारखे ते म्हणाले, "हो. आई गेल्यापासून कोणी मराठीत काही विचारले नव्हते."

फ्यूज सगळे ठीक निघाले. मग त्यांनी लाल पिन बल्बच्या होल्डरच्या तारेला लावली आणि काळी गाडीच्या पत्र्याला. मीटरवर बारा व्होल्ट आले. काळी पिन होल्डरच्या दुसऱ्या तारेला लावली, तर शून्य. "दिव्यापर्यंत वीज येते आहे," ते म्हणाले, "परतीची तार तुटली आहे." गंजलेलं टोक घासून, नवी तार जोडून त्यांनी दिवा लावून दिला.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. महाराष्ट्र त्यांनी पाहिलाच नव्हता. मुलांना मराठी कळे, पण ती उत्तर हिंदीत देत. माझ्याकडून त्यांनी कृष्णेच्या घाटांबद्दल खोदून खोदून विचारून घेतलं.

नंतर मी निमित्तं काढून जाऊ लागले. कधी हॉर्न, कधी बॅटरी. तिसऱ्या वेळी त्यांनी बॅटरीला मीटर लावला, आकडा मला दाखवला आणि म्हणाले, "काही बिघडलेले नाही. पण आलात, बरे झाले." त्या दिवसापासून ते पिना माझ्याच हातात देत. दुकानात आलेल्या गाडीत तार कुठे तुटली आहे ते मी शोधायचं, आणि ते स्टुलावर बसून माझ्या चुका मराठीत सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात गेले तर शटर बंद. शेजारचा टायरवाला म्हणाला, नजर अधू झाली म्हणून मुलगा त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेला. इतक्या दिवसांत मी त्यांचा नंबरही घेतला नव्हता. टायरवाल्याकडून तो घेतला आणि घरी येऊन फोन लावला.

फोन मुलाने उचलला. मी कोण ते हिंदीत सांगितलं. "थांबा," तो अडखळत मराठीत म्हणाला आणि फोन वडिलांकडे दिला.

काकांनी पहिल्यांदा गाडीची चौकशी केली. ठीक आहे, म्हटलं.

"गाडी घेऊन या एकदा," मग ते म्हणाले.

ग्वाल्हेर इथून दोन तासांवर आहे. अजून जाणं झालेलं नाही.